तिन्ही टोच्यांतून रक्त: सहा आठवड्यांच्या बाळातील व्हिटॅमिन केच्या कमतरतेचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून ठिकाण, तारखा आणि कुटुंबाचे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

मुलगी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी प्रसूतिगृहात ३८ आठवड्यांनी नॉर्मल जन्म, वजन २.८ किलो. जन्मतः लगेच रडली, तासाभरात अंगावर प्यायली. तिसऱ्या दिवशी घरी. डिस्चार्ज कार्डावर बीसीजी, पोलिओ आणि हेपॅटायटिस बीचा शिक्का होता. रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केची नोंद कुठेच नव्हती. इंजेक्शन दिलं नाही असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. जागाच नव्हती, तर लिहिणार कुठे?

चौथ्या दिवशी कावीळ दिसली. बाळ अंगावरचंच पीत होतं, वरचं दूध नाही. बाळगुटी पाचव्या दिवसापासून सुरू. आशाताईंच्या घरभेटी वेळेवर झाल्या. वजन वाढत होतं आणि प्रत्येक भेटीत ‘बाळ चांगलं आहे’ अशी नोंद पडत गेली. कावीळ मात्र पूर्ण उतरली नाही. आजीच्या शब्दांत, “लेकरू पिवळंच हाय पहिल्यापासनं, सकाळच्या उन्हात धरतोय की.” बाराव्या दिवशीच्या बारशाच्या फोटोत डोळ्यांतला पिवळेपणा मोबाइलच्या स्क्रीनवरही कळतो. तो फोटो डॉक्टरांनी पाहिला तो महिनाभरानंतर.

अडचण

४२व्या दिवशी सहा आठवड्यांच्या लसी झाल्या. राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत, एफआयपीव्ही, म्हणजे पोलिओची टोचायची लस, उजव्या दंडावर त्वचेत, बाकी दोन तोंडावाटे. अर्धा तास थांबून कुटुंब घरी गेलं. निघतानाच डाव्या मांडीवरचा कापसाचा बोळा बदलावा लागला होता. संध्याकाळपर्यंत तो आणखी दोनदा बदलला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या टणक, निळसर. दंडावरही रुपयाएवढा काळा डाग. दाखवायला नेलं तेव्हा “लसीची सूज आहे, थंड पट्टी ठेवा, पॅरासिटामॉल द्या” असा सल्ला मिळाला. लसीनंतर सूज येतेच, त्यामुळे सल्ला वरवर वावगा वाटत नाही. पण एका जागी सूज आली असती तर सुई वेडीवाकडी गेली, छोटी रक्तवाहिनी दुखावली, असं म्हणता आलं असतं. तीन वेगळ्या जागी, त्यातली एक तर नुसत्या त्वचेतली, तिन्ही ठिकाणी रक्त साकळलं असेल तर दोष टोचणाऱ्याच्या हातात नाही, बाळाच्या रक्तात आहे. हा एक विचार त्या दिवशी झाला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

४४व्या दिवशी पहाटे बाळ मलूल झालं, दूध ओढेना, दोन उलट्या झाल्या. साडेआठला उजव्या हातापायाला झटके आले. ग्रामीण रुग्णालयातून १०८च्या गाडीने शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोचायला पावणेदोन तास गेले. तिथली नोंद अशी: वजन ३.९ किलो, नाडी १७६, पांढरीफटक, टाळू फुगलेली आणि ताणलेली, डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी, प्रकाशाला मंद. डोळे व त्वचा पिवळी. यकृत बरगडीखाली चार सेंटिमीटर, टणक.

पहिला तास: कशाची वाट पाहायची आणि कशाची नाही

ग्रामीण रुग्णालयाच्या चिठ्ठीवर ‘मेंदूज्वर?’ असं लिहिलं होतं आणि पाठीतलं पाणी काढण्याची शिफारस होती. झटके, फुगलेली टाळू, मलूल बाळ: ही त्रयी पाहून हात आपोआप तिकडे जातो. कर्तव्यावरच्या रजिस्ट्रारने आधी बाळाच्या मांड्या पाहिल्या आणि पाठीतलं पाणी काढणं थांबवलं. रक्त गोठत नसताना मणक्यात सुई घालणं म्हणजे तिथे नवा रक्तस्राव ओढवून घेणं. शिवाय डोक्यात एका बाजूला दाब वाढलेला असताना ते धोक्याचंच. संसर्गाची शंका मोकळी ठेवून रक्ताचं कल्चर घेतलं आणि सेफोटॅक्सिम सुरू केलं. हेही जाणूनबुजून: नुकत्याच जन्मलेल्या, कावीळ असलेल्या बाळांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन टाळतात, आणि सेफोपेराझोनसारख्या काही औषधांची रचनाच अशी असते की ती व्हिटॅमिन केचं शरीरातलं चक्र अडवतात.

मग रक्ताचा नमुना. इथे घाईत चूक होते. गोठण्याच्या तपासणीच्या लहान मुलांच्या नळीत ०.१ मिलि सायट्रेट असतं, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण. तिच्यात बरोबर ०.९ मिलि रक्त हवं. नळी अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारी वेळ, खोटी लांबते. हेपॅरिनने धुतलेल्या नळीतून रक्त घेतलं तर एपीटीटी, म्हणजे गोठण्याचीच दुसरी मोजणी, बिघडते. म्हणून हाताच्या ताज्या शिरेतून नमुना घेतला आणि ती जागा दहा मिनिटं बोटाने दाबून धरली. मांडीच्या मोठ्या शिरेला हात लावला नाही.

नमुना हातातून सुटताच, अहवालाची वाट न पाहता, व्हिटॅमिन के१ म्हणजे फायटोमेनाडायोन २ मिग्रॅ ५ मिलि सलाइनमध्ये मिसळून दहा मिनिटांत शिरेतून दिलं. दोन प्रश्न तिथेच उभे राहिले.

पहिला: अहवाल येईपर्यंत थांबायचं का? थांबण्याच्या बाजूने एकच मुद्दा होता, निदान ‘स्वच्छ’ राहील. पण नमुना आधीच घेतलेला असल्याने तो मुद्दा गळून पडतो. उलट व्हिटॅमिन के दिल्यावर काही तासांत पीटी सुधारणं हाच या निदानाचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.

दुसरा: स्नायूत की शिरेत? वॉर्डात सवयीने सिरिंजला छोटी सुई लावून मांडी पुसायला सुरुवात झाली होती. सक्रिय रक्तस्रावात स्नायूतलं इंजेक्शन म्हणजे आणखी एक गाठ. शीर मिळत नसेल तर त्वचेखाली देतात. शिरेतून देताना सावकाश, कारण काही बनावटींमधल्या विद्रावकाची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते.

तिसरी गोष्ट वादाची नव्हती, पण ती तपासली म्हणून बरं झालं. औषधकपाटात ‘व्हिटॅमिन के’ या लेबलाखाली दोन प्रकारच्या कुप्या होत्या. एक के१ची. दुसरी मेनाडायोनची, म्हणजे के३. के३ नवजातात देत नाहीत: तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते, जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांत तर फारच, आणि असा रक्तस्राव ते वेळेत थांबवतही नाही. त्यामुळे लेबलावर ‘के’ वाचून भागत नाही, पुढचा आकडा वाचावा लागतो.

अहवाल

हिमोग्लोबिन ५.८. प्लेटलेट ४.६ लाख. पीटी १२० सेकंदांच्या वर (कंट्रोल १२.५), यंत्र आयएनआर, म्हणजे पीटीचं कंट्रोलशी गुणोत्तर, काढूच शकलं नाही. एपीटीटी १८० सेकंदांच्या वर. गुठळी बांधणारं प्रथिन फायब्रिनोजेन २९०. काविळीचं पिवळं द्रव्य बिलिरुबिन एकूण ९.२, त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडायचं, ६.१. अल्ब्युमिन ३.४.

या आकड्यांत उत्तर दिसतं. संसर्गातून सर्वत्र गुठळ्या होऊन गोठणारे घटक संपले असते तर प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन दोन्ही पडले असते. यकृतच निकामी झालं असतं तर फायब्रिनोजेन आणि अल्ब्युमिन असं टिकलं नसतं. इथे बिघडलेत ते फक्त व्हिटॅमिन केवर अवलंबून असणारे घटक: दोन, सात, नऊ आणि दहा. यकृत हे घटक तयार करतं, पण व्हिटॅमिन केशिवाय त्यांच्यावर कॅल्शियम पकडणारा शेवटचा हात चढत नाही. घटक रक्तात फिरतात, काम करत नाहीत. सातव्या घटकाचं अर्धायुष्य सुमारे सहा तासच असल्याने पीटी आधी बिघडते, एपीटीटी मागाहून.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला मेंदूच्या आवरणाखाली १२ मिमी जाडीची रक्ताची गुठळी आणि मध्यरेषा ६ मिमी सरकलेली. तान्ह्या बाळात असा रक्तस्राव दिसला की मारहाणीची शक्यताही तपासावी लागते. डोळ्यांचे पडदे आणि हाडांचे एक्स-रे पाहिले, दोन्ही ठीक. डोक्याला मार लागल्याने पीटी थोडी लांबू शकते, पण ती मोजता न येण्याइतकी जात नाही. आईवडिलांकडे संशयाने पाहण्याआधी गोठण्याचा अहवाल हातात असावा, एवढं शहाणपण टीमने दाखवलं.

प्लाझ्मा, सांद्रित घटक आणि शस्त्रक्रियेची वेळ

व्हिटॅमिन के शिरेतून दिल्यावर परिणाम तासाभरात सुरू होतो, पण मेंदूवर दाब असलेल्या बाळाला तेवढी उसंत नसते. तयार घटक लगेच देणं भाग होतं.

प्रोथ्रोम्बिन कॉम्प्लेक्स, म्हणजे हेच चार घटक सांद्र स्वरूपात, आदर्श ठरलं असतं. किलोला ५० युनिट धरले तर या बाळाला १९५ युनिट. ५०० युनिटची कुपी २० मिलित मिसळली तर जेमतेम ८ मिलि. मेंदूला सूज असताना हे कमी आकारमान लाखमोलाचं. पण रुग्णालयात कुपी नव्हती आणि जवळच्या शहरातून यायला दोन तास लागणार होते. मग ताजा गोठवलेला प्लाझ्मा: किलोला १५ मिलि, म्हणजे ६० मिलि. ३७ अंशांवर वितळायला अर्धा तास. रक्तगटाचा अहवाल यायचा होता, म्हणून एबी गटाचा प्लाझ्मा मागवला, तो कुणालाही चालतो. रक्तपेढीला फोन नमुना घेतानाच गेला होता, सीटीनंतर नाही. तो अर्धा तास तिथे वाचला.

सोबत ५० मिलि तांबड्या पेशी. एकूण ११० मिलि द्रव एवढ्याशा शरीरात, म्हणून प्लाझ्मा आधी तासाभरात आणि पेशी मागून सावकाश. झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटाम किलोला ४० मिग्रॅ. फिनोबार्बिटोन हाताशी होतं, पण त्याने बाळ गुंगीत जातं आणि बाहुल्यांवर, शुद्धीवर नजर ठेवणं अवघड होतं. दाब उतरवायला तीन टक्के सलाइन २० मिलि.

न्यूरोसर्जनपुढे दोन वाटा होत्या. टाळूतून सुईने रक्त ओढायचं, किंवा कवटी उघडायची. पहिली वाट सोपी दिसते. पण ताजं रक्त जेलीसारखं घट्ट असतं, सुईतून येत नाही. ती वाट आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्त पातळ झाल्यावरची. थांबावं तर बाहुली मोठी होत चाललेली. दोन तासांनी आयएनआर १.७ आला. एरवी १.५च्या खाली येईपर्यंत थांबतात. इथे १.७वरच सुरुवात करायची आणि प्लाझ्माची दुसरी पिशवी वितळवून टेबलाशी ठेवायची असं ठरलं. ती लागली नाही. सहा तासांनी आयएनआर १.२.

या टप्प्यावर प्रकरणाची फाइल बंद होऊ शकली असती. अशा बऱ्याच फाइली इथेच बंद होतात: ‘व्हिटॅमिन केची कमतरता, इंजेक्शन राहिलं होतं, दिलं, सुधारलं.’

डायपर

कमतरतेचं कारण सांगायला जन्मतः न दिलेलं इंजेक्शन पुरेसं वाटतं. आईच्या दुधात लिटरला १ ते ४ मायक्रोग्रॅम एवढंच व्हिटॅमिन के असतं, बाळाची रोजची गरज साधारण २ मायक्रोग्रॅम, आणि जन्मतः यकृतात साठा नगण्य, कारण ते नाळेतून फारसं पलीकडे जात नाही. पण अंगावर पिणाऱ्या, इंजेक्शन न मिळालेल्या सगळ्याच बाळांना रक्तस्राव होत नाही. उशिराचा प्रकार, म्हणजे आठव्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंतचा, लाखात साधारण चार ते सात बाळांत दिसतो. मग याच बाळात का?

उत्तर डायरेक्ट बिलिरुबिनच्या आकड्यात होतं, पण शस्त्रक्रियेच्या गडबडीत तो आकडा ‘कावीळ आहे’ एवढाच वाचला गेला. अतिदक्षता विभागातल्या सिस्टरनी दुसऱ्या दिवशी आजीला सांगितलं, “आजी, डायपर टाकू नका हां, इथं द्या.” खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर तो डायपर आणि शेजारच्या बाळाचा डायपर असे दोन ठेवले. ट्यूबलाइटखाली ही शी फिकट पिवळी वाटली होती. दिवसाच्या उजेडात ती भिजवलेल्या ज्वारीच्या पिठासारखी दिसली. शेजारची मोहरीच्या रंगाची. लघवीने मात्र कापड हळदीसारखं रंगलेलं.

दोन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: पित्त आतड्यात उतरत नाही, ते लघवीतून बाहेर पडतं आहे. आणि पित्ताशिवाय चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं, अ, ड, ई आणि के, आतड्यातून शोषली जात नाहीत. दुधात मुळात थोडंसं, त्यातलंही शरीरात जात नाही, आणि जन्माचा साठा दिलेला नाही. तिन्ही दारं बंद. उन्हात धरल्याने जी कावीळ उतरते ती इनडायरेक्ट बिलिरुबिनची. या बाळाला ऊन दिवसभर दिलं असतं तरी काही फरक पडला नसता.

दुसरी घाई

पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात, बिलिअरी अट्रेसियात, आतडं थेट यकृताच्या दारी जोडणारी शस्त्रक्रिया करतात. जपानचे मोरिओ कासाई यांच्या नावाने ती ओळखली जाते. साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली. पुढे प्रत्येक आठवड्याला यकृत अधिक निबर होत जातं. बाळ ४६ दिवसांचं झालं होतं आणि डोक्याला टाके होते.

एक मत होतं की मेंदू महिनाभर सावरू द्यावा. दुसरं मत तपासण्यांच्या नेहमीच्या रांगेतून जायचं: पाच दिवस फिनोबार्बिटोन, मग हायडा स्कॅन (पित्त आतड्यात उतरतं का हे दाखवणारा), मग बायोप्सी. दोन्हीत ६०चा आकडा हुकणार होता. चार तास उपाशी ठेवून केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशय सुरकुतलेलं, जेमतेम दिसणारं. थायरॉइड, लघवीची तपासणी, सीएमव्ही विषाणू वगैरे एका दिवसात उरकलं. हायडा वगळलं, त्यात पित्त न उतरणं दिसलं तरी ते अट्रेसियामुळेच असं सिद्ध होत नाही, आणि त्यासाठी पाच दिवस मोजावे लागले असते. मुंबईतल्या एका केंद्रात थेट यकृताची बायोप्सी केली, नंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पित्तनलिकांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे घेतला. निदान पक्कं झालं आणि ६१व्या दिवशी कासाई झाली.

परिणाम

शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी शीचा रंग हिरवट झाला. तीन महिन्यांत बिलिरुबिन २च्या खाली. उजव्या हातातली कमजोरी राहिली, झटके सहा महिन्यांनी औषध बंद केल्यावरही परतले नाहीत. १९व्या महिन्यात चालायला लागली. उजवी मूठ अजून पूर्ण उघडत नाही, फिजिओथेरपी सुरू आहे.

मध्ये एक धक्का बसला. चौथ्या महिन्यात आयएनआर पुन्हा १.९. आई नियमाने गोळीचा तुकडा कुस्करून देत होती. पिशवी उघडून पाहिली तर गावच्या दुकानदाराने ‘हेच व्हिटॅमिन के’ म्हणून अ‍ॅसिटोमेनाफ्थोन दिलेलं, मेनाडायोनच्याच घराण्यातलं. के१ मिळवून दिलं, शिवाय पित्त पुरेसं वाहत नसेल तोवर तोंडावाटे दिलेल्या औषधावर भिस्त न ठेवता दर महिन्याला आयएनआर पाहायचा आणि १.५ ओलांडला की इंजेक्शन द्यायचं असं ठरलं.

आणि गावात बोलणं सुरू झालं होतं की लसीने बाळाच्या डोक्यात रक्त झालं. एईएफआयचा, म्हणजे लसीनंतरच्या प्रतिकूल घटनेचा, अहवाल रीतसर गेला, पण तो कागद गावात कोण वाचणार? त्या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी नऊ माता आल्या नाहीत. वैद्यकीय अधिकारी आणि बाळाची आजी दोघींनी मिळून घरोघरी जाऊन सांगितलं, त्यात आजीचं ऐकलं गेलं.

कुठे वेगळं वागता आलं असतं

प्रसूतिगृहात चौकशी केल्यावर कळलं की त्या आठवड्यात के१ संपलं होतं आणि प्रौढांच्या १० मिग्रॅच्या कुपीतून ०.१ मिलि मोजायला कुणी धजावलं नाही. मोजणं जोखमीचं आहे खरं, पण १ मिलिच्या सिरिंजने ते होतं. साठा येईपर्यंत बाळाला परत बोलावणंही शक्य होतं. आरोग्य मंत्रालयाची २०१४ची सूचना स्पष्ट आहे: १००० ग्रॅम व त्यावरच्या प्रत्येक बाळाला १ मिग्रॅ, त्याखाली ०.५ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, जन्मानंतर लवकर. आता तिथे प्रसूतीच्या नोंदवहीत कुपीचा बॅच क्रमांक लिहायचा रकाना आहे आणि के१ची ट्रे मेथर्जिनपासून (प्रसूतीनंतर आईचा रक्तस्राव थांबवायचं औषध) वेगळ्या कप्प्यात. या दोन छोट्या कुप्यांची अदलाबदल होऊन नवजाताला मेथर्जिन गेल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, म्हणून हा कप्पा.

तोंडावाटे थेंब देऊन भागलं असतं का, हा प्रश्न पालक विचारतात. नेदरलँड्समध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांना रोज २५ मायक्रोग्रॅम तोंडावाटे देत, पुढे ते १५० केलं. तरी बिलिअरी अट्रेसिया असलेल्या बाळांतला रक्तस्राव कमी झाला नाही. डेन्मार्कमध्ये जन्मतः स्नायूत इंजेक्शन मिळालेल्या अशा बाळांत तो क्वचितच दिसला. स्नायूतला साठा हळूहळू सुटतो आणि त्याला पित्त लागत नाही. या बाळाला ते एक इंजेक्शन मिळालं असतं तर बहुधा डोक्यात रक्त झालं नसतं. अट्रेसिया मात्र असतीच, आणि डायपर कुणी पाहिला नसता तर ती कदाचित आणखी उशिरा सापडली असती.

दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन मागवणं ही सर्वांत स्वस्त संधी होती. २१व्या किंवा २८व्या दिवसाच्या घरभेटीत ‘शी दाखवा’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं; तैवानने २००४पासून शीच्या रंगांचं कार्ड देशभर आईच्या हातात दिलं, तेही याचसाठी.

४३व्या दिवशीची भेट हा शेवटचा थांबा. त्या केंद्रात आता नियम असा: टोचल्यानंतर दहा मिनिटांनी बोळा उचलून बघायचा. रक्त झिरपत असेल तर डोळे उजेडात पाहायचे, शी-लघवीचा कपडा पाहायचा, जन्माचं कार्ड मागायचं. कार्डावर के१ची नोंद नसेल तर थंड पट्टी न देता, मांडीत आणखी सुई न घालता, गोठण्याच्या तपासणीसाठी त्याच दिवशी गाडीत बसवायचं.